ठकूची शाकारणी

चैत्राची कोवळी, केशरी उन्हं कड्यावरून उतरत होती. आश्विनात हाच डोंगर जांभळा झाला होता. सात वर्षांचं मौन सोडून कारवी फुलली होती. नीलजांभळी, मधुगंधी, कड्याकड्याला कवळून फुलली होती. फुलली, बियांनी भरली आणि वाळून गेली. आता तिच्या तपकिरी, ताठ, खणखणीत काठ्या तेवढ्या उरल्या होत्या.

त्या काठ्यांच्या भाऱ्याखाली वाकून ठकू पायवाट उतरत होती. अंगाने सडसडीत, जिभेने तिखट, हट्टाने थेट बापावर गेलेली. नवरा गेल्यावर माहेरी परतली, ती बापाच्याच ओट्यावर. घराशेजारी तिने छपरासाठी सारं रचून ठेवलं होतं : सागाची रुंद पानं, कुंभ्याच्या सालीचे चिवट दोर, कार्तिकात कापलेलं उंच, सोनसळी गवत. सारं डोंगराने दिलेलं.

बापाचं नाव कोंडाजी. एके काळी वाडीतलं एकूण एक छप्पर त्याच्या हातचं. आणि माणूस असा ताठ, की दुसऱ्याने शाकारलेल्या छपराखाली त्याच्या डोळ्याला डोळा लागत नसे. लग्नाला जावं, पोटभर जेवावं, वर बघावं, नाक मुरडावं आणि घोंगडी उचलून अंगणात निजावं. ठकूच्या सासरीही त्याने हेच केलं. व्याही वर्षभर फुगून बसले.

मग त्याचे हात कापरे झाले. गेल्या साली भाऊबंदांनी त्याचं छप्पर शाकारून दिलं, अगदी चांगल्या मनाने. म्हातारा सबंध पावसाळा ओट्याच्या कडेला, घोंगडीची खोळ घेऊन, तिरप्या सरी झेलत निजला. खोकल्याने छातीत घर केलं. असा आणखी एक पावसाळा तो काढणार नाही, हे ठकूला कळत होतं. म्हणून यंदा तिने भाऊबंदांना हात जोडून नको म्हटलं आणि शाकारणी स्वतःच अंगावर घेतली.

शेजारची भागूबाई भारा उतरवायला आली. "ठके, बाईनं आढ्यावर पाय ठेवू नये गं. खाली देव हायेत."

"मंग देवाच्या डोक्यावर पाणी गळालेलं चालंल व्हय?" ठकू म्हणाली आणि शिडी चढली.

काठीवर काठी, पानावर पान, पेंढीवर पेंढी. वळचणीपासून वर, आढ्याकडे, गवताची सोनेरी ओळ सोनेरी ओळीवर चढत गेली. कोंडाजी हिरड्याच्या सावलीत बसून बघायचा. बोलायचा नाही. पेंढी विरळ पडली, की त्याची काठी जमिनीवर आपटे. ठकू अख्खी ओळ उसवी आणि पुन्हा बांधी. बोटं सोलून निघत, राग नाकाच्या शेंड्यावर येई. पण उसवल्यावर दरवेळी दिसे, की म्हातारा बरोबर होता.

आढं बांधायच्या दिवशी काठी एकदाही आपटली नाही. ठकूने ते मनात जपून ठेवलं.

दिवस कलला. कोंडाजी आत गेला आणि दार लावून, कुठे गळतं का ते बघायला सारवलेल्या जमिनीच्या मधोमध बसला. भागूबाईने शिडीवरून हंडा वर दिला. ठकूने आढ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धार धरली. पाणी दोन्ही अंगांनी धावलं, गवताला उजळत, लखलखत, आणि वळचणीवरून झालरीसारखं अंगणात ओघळलं. आत एक थेंबही टपकल्याचा आवाज आला नाही.

मग आतून हाक आली. "ठके, माही घोंगडी कुढं हाये?"

त्याने घोंगडी मागितली म्हणजे काय, हे ठकूला लहानपणापासून ठाऊक होतं. सोललेली बोटं आता कुठे चुरचुरू लागली.

"कुपाटीवर वाळत घातलीया," ती आढ्यावरून म्हणाली.

दार करकरलं. त्याचं पांढरं मुंडासं अंगण ओलांडून कुंपणापाशी गेलं. कापऱ्या हातांनी त्याने घोंगडी ओढली, झटकली, खांद्यावर टाकली. ओट्याच्या कडेच्या, गेल्या पावसाळ्यातल्या आपल्या जागेकडे पाहिलं. वर ठकूने दोर मुठीत आवळून धरला.

म्हातारा वळला आणि आत गेला.

उन्हं आणखी उतरली. तांबूस झाली, मंद झाली, डोंगराच्या वाळक्या कारवीवर टेकली. आणि मग गवताच्या, पानांच्या, काठ्यांच्या थराथरांतून हळूहळू वर आलं कोंडाजीचं घोरणं. खर्जातलं, संथ, निर्धास्त. जन्मात दुसऱ्या कुणाच्या छपराला मिळाला नव्हता तो मान ठकूच्या छपराला मिळाला होता.

"ठके, उतर की आता," भागूबाई खालून ओरडली.

ठकूने ओठांवर बोट ठेवलं. बाप निजला होता. आणि उतरत्या सोनेरी उन्हात, आपल्या सोनेरी गवतावर, आपण बांधलेल्या आढ्यावर, ती तशीच बसून राहिली.