वावभऱ्याचा मासा

वीतभर मासा गळाला लागला तरी हा गडी दोन्ही हात पसरून वावभर सांगणार. म्हणून सगळे त्याला वावभऱ्याच म्हणायचे. त्यात हातात फोन आला. मासा धरलेला हात कॅमेऱ्याकडे लांब करायचा, अंग मागं ओढायचं, की बोटाएवढा मासा मांडीएवढा दिसतो. ही विद्या त्याला कुणी शिकवली नव्हती.

परवा त्यानं असाच फोटो वस्तीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "आपल्या तळ्यातला!"

झालं! तळ्याच्या पलीकडे अणुवीज केंद्र. वस्तीतल्या शिंप्यानं लगेच लिहिलं, "एवढा मासा? किरणोत्सर्ग, दुसरं काय!" फोटो या ग्रुपवरून त्या ग्रुपवर पळाला. दुपारी कुणीतरी फोटोतल्या माशाला तिसरा डोळाही चिकटवला.

दुसऱ्या दिवशी वावभऱ्याच्या बायकोच्या मासळीच्या गाळ्यावर चिटपाखरू नाही.

"बर्फ वितळला, गिऱ्हाईक नाही," बायको म्हणाली. "मासा केवढा होता, खरं लिहा."

"अगं, माझी अब्रू..."

"अब्रू तळून खायची का? गाळा बसला तर घर कशावर चालायचं?"

टोपलीतला तोच मासा बायकोच्या तळहातावर ठेवून वावभऱ्यानं फोटो काढला. लिहिलं, "एवढाच आहे. हात मी लांब केला होता."

शिंप्याचं उत्तर हजर. "बघा, एका रात्रीत आकसला! किरणोत्सर्ग!"

बायकोनं फोन हिसकावला आणि बोलूनच पाठवलं, "शिंपीभाऊजी, मासा आहे तो, तुमचं शिवलेलं झबलं नाही एका धुण्यात आटायला! उद्या सगळे गाळ्यावर या. मासाही बघा आणि आमचे हे फेकाडेही बघा."

आले की! वावभऱ्या मान खाली घालून बसलेला. जो तो त्याची टर उडवी, हसता हसता मासे घेई. दुपारपर्यंत टोपली रिकामी.

शेवटी शिंपी उरला. हळूच म्हणाला, "वहिनी, पण त्या केंद्राचा खरंच धोका नाही ना?"

"मला काय ठाऊक, भाऊजी? मला फक्त नवऱ्याचं खोटं ओळखता येतं. पाणी तपासणारे आहेत ना, त्यांना विचारा."

"ते सांगतील?"

"ग्रुपवर भांडता तसं तिथं जाऊन भांडा. मीही येते."

वावभऱ्यानं मान वर केली. "मग मीही येतो. बोलायला कुणीतरी..."

"या. पण तोंड उघडायचं नाही."