न बोललेले तीस जण

यासेन्का पेर्लिच आयुष्यभर ओसियेकच्या वाणिज्य शाळेत संख्याशास्त्र शिकवत होत्या, त्यामुळे अर्धं गाव त्यांना अजून ‘बाई’च म्हणतं. निवृत्तीनंतर दर गुरुवारी त्या आमच्या स्थानिक वाहिनीवर यायच्या आणि निवडणुकीच्या जनमत चाचण्या कशा वाचायच्या ते सांगायच्या. मी तिथे कॅमेरामन. शाळेत त्यांच्याच विषयात नापास झालेला, पण टीव्हीवर त्या बोलायला लागल्या की मलाही कळायचं.

“दुपारी घरच्या फोनवर कोण सापडतं रे?” असं त्या कॅमेऱ्याकडे बघून विचारायच्या. “ज्यांची पोरं आयर्लंडला गेलीत, ते आजी-आजोबा. मग ही चाचणी गावाची झाली की आजोबांची?”

त्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक होती. पहिल्या फेरीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं पडली नाहीत, तर पुढच्या दोघांत दुसरी फेरी. एका बाजूला तिहोमीर रुकावेत्स, जुना मंत्री, भारदस्त आवाजाचा. दुसऱ्या बाजूला नेवेंका सेर्तिच, न्यायाधीशपद सोडून आलेली. आमचे मालक बेरिस्लाव गालिच धान्याचे मोठे व्यापारी, आणि रुकावेत्सचे जिवलग. हे सगळ्यांना ठाऊक होतं, बाईंनाही. पण तोवर बाईंच्या कार्यक्रमात कुणी नाक खुपसलं नव्हतं.

मतदानाच्या आदल्या गुरुवारी वाहिनीनेच करून घेतलेली चाचणी आली. संपादक क्रेशोने तिचं चित्र तयार करून ठेवलं होतं. निळ्या रंगात भलामोठा आकडा, एक्कावन्न टक्के, आणि खाली ओळ : ‘पहिल्याच फेरीत रुकावेत्स.’

बाईंनी कोट काढता काढता ते बघितलं आणि कोट पुन्हा अंगात घातला.

“क्रेशो, हे एक्कावन्न कुठून आणलंस?”

“चाचणीतूनच बाई. हिशेब केलाय.”

“मूळ कागद दाखव.”

त्याने दाखवला. बाई उभ्याउभ्याच वाचत गेल्या. “आणि हे तीस टक्के? ज्यांनी काहीच सांगितलं नाही, ते गेले कुठे?”

“ते मत द्यायला जाणारच नाहीत.”

“त्यांनी सांगितलं तसं?”

“बाई, प्लीज. वरून आलंय.”

‘वरून’ म्हणजे गालिच. ते स्वतःच खाली आले, अगदी गोड आवाजात बोलले. “बाई, लोकांना सोपं लागतं. कोण पुढे, कोण मागे. तुम्ही तेवढं सांगा, बाकीचा अभ्यास शाळेत.”

“सोपं सांगते ना,” बाई म्हणाल्या. “तसंच सांगते.”

गालिच समाधानाने वर गेले. मला मात्र बाईंचा तो आवाज वर्गातून ओळखीचा होता. तो ऐकला की आम्ही मागच्या बाकावरचे हळूच पुस्तकं उघडायचो.

कार्यक्रम सुरू झाला. बाईंच्या मागे एक्कावन्न झळकलं.

“हे चित्र खोटं आहे,” बाई म्हणाल्या. “कसं ते सांगते. समजा, शंभर माणसांना विचारलं. छत्तीस जण म्हणाले रुकावेत्स. चोवीस म्हणाले सेर्तिच. दहा जणांनी इतरांची नावं घेतली. आणि तीस जण म्हणाले, अजून ठरलं नाही, किंवा तुम्हाला कशाला सांगू? आता या तीस जणांना दाराबाहेर काढा. उरले सत्तर. सत्तरात छत्तीस म्हणजे झाले एक्कावन्न टक्के. छत्तिसाचे एक्कावन्न असे होतात.”

त्यांच्या कानातल्या यंत्रातून क्रेशो ओरडत असणार, कारण बाईंनी ते काढून टेबलावर ठेवलं. त्यातून क्रेशोची बारीक किरकिर चालूच होती.

“आणि हे कशासाठी? तर तुम्ही म्हणावं, निकाल लागलाच आहे, मग रविवारी थंडीत कशाला बाहेर पडा, घरी हिवाळ्याच्या बेगमीचं डुक्कर कापू, सॉसेज भरू. निकाल लागलेला नाही. रुकावेत्स पुढे आहेत, हे खरं. पण गाव अजून बोललेलं नाही. जो सांगेल की बोललं, त्याला विचारा, माझ्या तोंडचं तू का बोलतोस?”

मग जाहिरात लागली. बाईंनी पर्स उचलली. दारात गालिच उभे होते, चेहरा लालबुंद.

“उद्यापासून यायची गरज नाही.”

“उद्या शुक्रवार आहे,” बाई म्हणाल्या. “मी गुरुवारीच येते.” आणि त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गावभर तोच विषय. कुणी बाईंना रस्त्यात थांबवून हात हातात घ्यायचं, कुणी पाठीमागून ‘सेर्तिचची पगारी नोकर’ म्हणायचं. सकाळीच सेर्तिचच्या प्रचार कार्यालयातून एक तरतरीत माणूस त्यांच्या घरी आला. मी तेव्हा तिथेच होतो. त्यांचा स्टुडिओत राहिलेला चष्मा द्यायला गेलो होतो.

“बाई, तुम्ही कमाल केलीत,” तो म्हणाला. “आता दुपारी आमच्याबरोबर पत्रकारांसमोर बसा. एवढंच म्हणा, की ते तीस टक्के आमचे आहेत. घाबरून बोलत नाहीत, पण आमचेच.”

“तुम्हाला कसं कळलं?”

“अंदाज आहे. हवाच आहे तशी.”

“म्हणजे काल गालिचने त्यांना घराबाहेर काढलं, आणि आज तुम्ही त्यांना तुमच्या गोठ्यात बांधणार,” बाई म्हणाल्या. “कॉफी संपवा आणि निघा.”

“मग तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूने?” तो चिडून म्हणाला.

“मत देताना सांगेन. पेटीला.”

त्याच संध्याकाळी अग्निशमन दलाच्या सभागृहात बाईंनी स्वतःच लोकांना बोलावलं. खुर्च्या कमी पडल्या. बाईंनी फळ्यावर ती चाचणी पुन्हा मांडली, आकडे न लपवता आणि न फुगवता. चाचणीचा आकडा दोन-तीन टक्के इकडेतिकडे होतोच, परदेशातल्या पोरांना कुणी विचारलेलंच नाही, हेही सांगितलं. आमच्या गल्लीतला माटो उठला. दारूचा वास येत होता, पण प्रश्न सरळ होता.

“एवढं शिकलात बाई, आणि कोण येणार ते सांगता येत नाही? मग तुम्हाला कळतं तरी काय?”

लोक हसले. बाईही हसल्या. “मला एवढंच कळतं माटो, की तुला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं?”

“नाही.”

“मग तू मत देऊन येईपर्यंत मी निकाल कसा सांगू?”

माटो खाली बसला. टाळ्या वाजल्या नाहीत, पण लोक बराच वेळ उठलेही नाहीत. आपापसात वाद घालत बसले, कोण कुणाला मत देणार यावरून दोन भावांची तर चांगलीच जुंपली.

रविवारी मतदान झालं. रुकावेत्सना पहिल्या फेरीत निम्मी मतं मिळाली नाहीत. जानेवारीत दुसरी फेरी झाली आणि त्यात ते जिंकले, थोडक्याने, पण जिंकले. गालिचनी वाहिनीवर आतषबाजी दाखवली. तीही मीच चित्रित केली, नोकरी होती माझी.

त्यानंतरच्या शनिवारी बाई मासळीबाजारात उभ्या होत्या. गालिच आपल्या दोन मित्रांसह तिथूनच चालले होते. मुद्दाम थांबले.

“काय बाई, शेवटी आमचाच आला ना? हरलात की तुम्ही.”

“मी उभी कधी होते?” बाई म्हणाल्या. “तुमचा आला, चांगलं झालं. पण त्याला दोनदा लोकांच्या दारात जावं लागलं. तुम्ही तर एकदाही जाऊ देत नव्हता.”

गालिचच्याच एका मित्राला हसू फुटलं.

बाईंनी त्यांच्याकडे पाठ केली आणि मासेवालीला सांगितलं, “हा कार्प दे, साफ करून. आणि डोकं टाकू नकोस, रश्शाला लागतं.”