उपासाचे शेंगदाणे

आतड्याच्या कॅन्सरनं युवराज गेला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "बहिणीचीही तपासणी करून घ्या." त्याची थोरली बहीण त्रिवेणीबाई अडून बसल्या. "ती लांब दुर्बीण मी आत घालू द्यायची नाही. लाज वाटते बाई."

"युवराजमामाही असेच लाजले ना, आई," सून अपर्णा म्हणाली. मग तिनंच शोधून काढलं, की सीटी स्कॅननंही आतडं बघता येतं. मागून थोडी हवा भरतात, एवढंच.

"आतून दिसतं? मला दाखवतील?" बाईंचे डोळे लकाकले. जन्मभर या पोटात भाकरी घातली, पण आतलं घर कधी पाहिलं नव्हतं.

आदल्या दिवशी फक्त पातळ, गाळलेलं घ्या, असं नर्सनं फोनवर सांगितलं होतं. "म्हणजे उपासच की," बाई म्हणाल्या. अपर्णा ऑफिसला गेली आणि इकडे बाईंनी मनोभावे उपास केला. संध्याकाळी पोट साफ करायचं औषधही प्यायल्या.

बरकतपुऱ्यातल्या स्कॅन सेंटरात त्यांना आधी उताणं झोपवलं, मग पालथं. नंतर डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर चित्र फिरवलं. गुलाबी बोगदा, त्यात वळीमागं वळी. बाई हरखल्या, स्वतःशीच गुणगुणल्या,

"माझ्या पोटाच्या घरात, लाखेच्या गं बांगड्या
कुण्या कासारानं बाई, एकाआड एक मांडल्या"

हिंदी-मराठी मिसळून बोलणाऱ्या डॉक्टरीणबाई मात्र थबकल्या. "क्या खाए अम्मा कल?"

"कुछ नहीं. उपास था. भगर, शेंगदाण्याची आमटी."

"आई!" अपर्णानं कपाळाला हात लावला.

"अगं, उपासाला चालतंच की ते!"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. "मूंगफली है ये सब. देखो, पालथ्या झालात तशा घरंगळल्या." मग त्यांचं बोट एका वळीपाशी थांबलं. हसू विरलं. "ये एक नइं हिली. उताणं असताना इथंच, पालथं असतानाही इथंच. गाठ असेल, नसेलही. दुर्बिणीशिवाय कळायचं नाही. छोटी गाठ तर तेव्हाच काढता येते."

अपर्णानं सासूचा हात धरला. बाई त्या न हललेल्या ठिपक्याकडे बघत राहिल्या. युवराजच्या पोटातही असंच काहीतरी बसून असणार, कुणी न बघितलेलं.

"दुर्बिणीतून हे याच्याहून जवळून दिसतं?"

"बिल्कुल पास से."

"मग घाला," बाई म्हणाल्या. "पण मला भूल देऊन झोपवू नका हां. मलाही बघायचंय."