झाकून वाचायचं, उघडून छापायचं

संपादकबाईंच्या त्रैमासिकाला दोन्हीकडचे लोक हसत. मोठ्या इस्पितळातले डॉक्टर म्हणत, झाडपाल्याचं कसलं आलंय शोधमासिक! आणि झाडपाल्यावाले म्हणत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या औषधाला ह्या बाईंच्या शिक्क्याची काय गरज? बाई दोघांनाही एकच उत्तर देत, "लेख पाठवा." पर्यायी उपचारांच्या महाविद्यालयात दुसऱ्या मजल्यावर, काढ्यांचा वास जिथे भिंतींनाही लागलेला होता, तिथे एका खोलीत त्यांचं कार्यालय होतं. कपाटात छापलेल्या लेखांचा गठ्ठा लहान आणि परत पाठवलेल्यांचा मोठा, आणि बाईंना दुसऱ्या गठ्ठ्याचा अभिमान जास्त.

बाईंनी संपादकाच्या खुर्चीत बसल्या बसल्या एक नियम घालून दिला होता. प्रत्येक लेख दोघांनी तपासायचा, एक आपला आणि एक परका. आपला म्हणजे ह्या उपचारांवर विश्वास असलेला, परका म्हणजे नसलेला. तपासणाऱ्यांची नावं बाईंशिवाय कुणालाही कळायची नाहीत. आणि लेखातलं सगळं झाकायचं, लेखकाचं नाव, औषधाचं नाव, त्यातल्या वनस्पतींचीसुद्धा. 'तेल क', 'काढा ख', 'मुळी एक', 'मुळी दोन'. दोघांचा होकार आला की मगच लेखक बाईंना खरं नाव सांगणार आणि ते अंकात छापलं जाणार. "झाकून वाचायचं, उघडून छापायचं," बाई म्हणत. ह्या धंद्यात प्रत्येक जण कुणाचा तरी शिष्य नाहीतर कुणाचा तरी व्याही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असा कारभार व्हायला कितीसा वेळ लागतो?

तर त्या वेळी 'तेल क'चा लेख आला होता. गुडघेदुखीवरचं नावाजलेलं तेल आणि साधं तिळाचं तेल, दोन्ही सारखंच कोमट करून, सारख्याच हातांनी, सारखाच वेळ चोळलं. कुणाला कुठलं मिळालं ते ना रोग्याला ठाऊक, ना चोळणाऱ्याला. निकाल असा की दोन्हीकडचे रोगी बरे झाले, पण सारखेच झाले. नावाजलेल्या तेलानं साध्या तेलापेक्षा रतीभर जास्त काही केलं नव्हतं. परक्यानं होकार दिला. आपल्यानंही दिला, तोही मनापासून.

त्या दुपारी लेखिका वर आली. महाविद्यालयातलीच तरुण संशोधिका, सगळं मोजत बसते म्हणून सगळे तिला फूटपट्टी म्हणत. ती दारातच उभी राहिली.

"बाई, आता नाव सांगायचं ना?"

"सांग की. त्यासाठीच बोलावलंय."

"आधी बसा तुम्ही."

"अगं, बसलेलीच आहे मी!"

फूटपट्टीनं नाव सांगितलं. तेल दादांचं होतं. म्हणजे बाईंच्या थोरल्या भावाचं. ज्या तेलासाठी लोक गावोगावहून येत, आणि जे आता महाविद्यालय चालवणाऱ्या संस्थेच्या कारखान्यात बाटलीत भरायचं ठरलं होतं, ते.

बाईंनी हातातली लेखणी खाली ठेवली. तेल भावाचं हे तर होतंच, पण त्याहून मोठी अडचण वेगळी होती. गुडघ्याच्या तेलांतला जाणता माणूस म्हणून हा लेख तपासायला बाईंनी दादांनाच पाठवला होता. मनापासून होकार देणारा 'आपला' म्हणजे दादाच. झाकलेलं तेल आपलंच आहे हे त्यांना ओळखता आलं नाही आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं निकालात काढलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्याहून वेगळं काय असतं?

नियमाप्रमाणे परक्यालाही नाव कळवायचं होतं. परका म्हणजे इस्पितळातला हाडांचा डॉक्टर. फोनवर तो खूश होऊन म्हणाला, "चला, शेवटी तुम्ही लोकांनी कबूल केलंत! आता दुकान कधी बंद करताय?"

"डॉक्टर, तुमच्या मासिकात गेल्या वर्षी फसलेल्या औषधांचे लेख किती छापलेत?"

"छे, फसलेली औषधं कोण छापतं?"

"मग आधी तुमच्या दुकानात झाडू मारा," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्या दादांच्या दवाखान्यात गेल्या. रोगी संपले होते. दादा पितळी वाट्या पुसत होते, हे काम ते कुणाला करू देत नसत. बाईंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. दादा आधी हसले, मग हसायचे थांबले.

"ते माझं होतं?"

"हो."

"मला वाटलं कोपऱ्यावरच्या त्या वैद्याचं असेल."

"त्याचं असतं तर चाललं असतं?"

दादांनी वाटी आपटली. "शब्दांत पकडू नकोस मला! चिमणे, नातेवाईक सगळे नको नको म्हणत होते तेव्हा तुला शिकायला कुणी पाठवलं? आईशी भांडण कुणी केलं?"

"तू केलंस."

"मग एवढंच कर. लेख छाप, माझी ना नाही. पण झाकलेलाच छाप. 'तेल क'. तुझा लेखही छापला जाईल आणि माझं नाकही राहील. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही."

बाईंना तो मार्ग क्षणभर फार आवडला, हे खोटं कशाला सांगा? त्यांना भाऊ हवा होता. बाप गेल्यावर ज्याच्या पाठीमागे लपून त्या मोठ्या झाल्या तो हा भाऊ. पण कोपऱ्यावरच्या वैद्याचं तेल असतं तर त्यांनी नाव झाकलं असतं का? मुळीच नाही. उलट ठळक अक्षरांत छापलं असतं.

"नाही जमणार, दादा."

"मग ह्या दारात परत येऊ नकोस."

बाई घरी आल्या आणि रडल्या. सकाळी तोंड धुतलं आणि लेखातल्या प्रत्येक 'तेल क'च्या जागी खरं नाव घातलं.

आठवड्याभरात अध्यक्षांनी संपादक मंडळाची बैठक लावली. अध्यक्ष म्हणजे संस्थेचे सर्वेसर्वा, बोलणं गोड, इतकं गोड की ऐकणाऱ्याला मुंग्या लागाव्यात. लांब टेबलाभोवती ते, दोन प्राध्यापक, दादा आणि बाई. दोन्ही प्राध्यापक विषयपत्रिका चाळत होते. दादा मंडळाचे जुने सभासद, ते बाईंकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

"बाई, लेबलं छापून आलीत," अध्यक्ष म्हणाले. "अशा वेळी आपल्याच मासिकानं आपलंच तेल पाडायचं? घरचं झालं थोडं..."

"तेल मी नाही पाडलं. तिळाच्या तेलानं पाडलं."

एक प्राध्यापक हसता हसता खोकला.

"नाव झाका. एवढंच म्हणतोय."

"झाकून वाचलं. आता उघडून छापायचं. नियम संस्थेनंच मंजूर केलाय."

अध्यक्षांचा गोडवा ओसरला. "बरं. तो परका कुणीतरी इस्पितळवाला असणार, त्याचं सोडा. आपल्यातला कोण होता? कुठल्या गाढवानं ह्या लेखाला होकार दिला? त्याचं नाव सांगा. त्याची अक्कल काय आहे ती तपासू, आणि त्याचा होकार रद्द करू."

दादांची मान खिडकीकडून किंचितही हलली नाही. पण त्यांचे कान लाल झाले होते, लहानपणी आईसमोर खोटं बोलताना व्हायचे तसे.

एक शब्द उच्चारला असता तर बाईंनी डाव जिंकला असता. ज्याचं तेल त्याचाच होकार, ह्याच्यापुढे अध्यक्षांचं काय चालणार? आणि समोर बसलेल्या ह्या माणसानं त्यांना दारातून हाकलून दिलं होतं. शब्द अगदी जिभेवर आला होता.

"नाव मिळणार नाही," बाई म्हणाल्या.

"मी अध्यक्ष म्हणून विचारतोय."

"देव आला आणि विचारलं तरी मिळणार नाही. नाव फुटणार नाही ह्या भरवशावर लोक मला खरं लिहून देतात. तो भरवसा गेला तर ह्या मासिकात आणि बाटलीवरच्या लेबलात फरक काय राहिला?"

"मग राजीनामा द्या."

"तोही नाही देणार. मी काही चूक केलेली नाही. काढायचंच असेल तर काढा. कारण मात्र लिहून द्या. पुढच्या अंकात तेही छापीन."

"पुढचा अंक तुमच्या हातात नसेल!"

"ह्या अंकात छापीन. एक पान शिल्लक आहे."

अध्यक्षांनी टेबलावर थाप मारली. "वैद्यराज, तुम्ही काहीतरी बोला! बहीण आहे तुमची. कोण तो गाढव, तुम्हाला तरी सांगितलं असेल!"

दादा सावकाश वळले. आधी अध्यक्षांकडे बघितलं, मग बहिणीकडे. चेहऱ्यावरचा राग तसाच होता, तिळभरही कमी झालेला नव्हता.

"मी," ते म्हणाले.

"काय मी?"

"तो गाढव मीच. दोनदा वाचला, चष्मा लावून वाचला. चोख आहे अभ्यास. माझं तेल आहे म्हणून तो अभ्यास बिघडत नाही. तेल चुलीत जाऊ द्या, पण वाचता येत नाही असं मला कुणी म्हणायचं नाही!"

अध्यक्षांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच ठेवला. कुणी कारण लिहून दिलं नाही, कुणी पुन्हा राजीनामा मागितला नाही. प्राध्यापकांपैकी एकानं हळूच विषयपत्रिकेवरचा पुढचा विषय वाचायला घेतला.

बैठक संपल्यावर दादा जिन्यात थांबले होते. बाईंसाठी थांबलो आहोत असं दिसू नये म्हणून चपलेचा पट्टा लावत होते, तो आधीच लागलेला होता.

"तेल मी बंद करणार नाही," ते म्हणाले.

"करू नकोस. पुन्हा अभ्यास कर. पुन्हा झाकून पाठव."

"पाठवीन. मला काय भीती आहे?" दोन पायऱ्या उतरून ते परत थांबले. "माझं नाव का नाही घेतलंस? एका शब्दात सुटली असतीस."

"नियम आहे."

"मी तुझ्या जागी असतो तर तुझं नाव घेतलं असतं."

"माहीत आहे, दादा," बाई म्हणाल्या. "म्हणून तर त्या खुर्चीत मी बसलेय."