खंडेनवमीचा कॉम्प्युटर

पाचव्यांदा बटण दाबलं. पंखा फिरला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि कॉम्प्युटर तिथेच थिजला. कृष्णकांतने चष्मा कपाळावर सरकवला आणि त्या मशीनला ठेवणीतली एक शिवी हासडली.

"बाबा, फोटोवाला एक वाजता दुकान बंद करतो," चारुता म्हणाली. बापाला मदत करायला ती सकाळीच शिरगावहून आली होती. "उद्या आईचं वर्षश्राद्ध हाय. हार आनलाय, फ्रेम आनलीय, नि फोटोच नाय."

बोईसरला कृष्णकांतचं दुकान तीस वर्षांचं. तारापूरच्या कारखान्यांतले कितीतरी मेलेले कॉम्प्युटर या माणसाने उठवून बसवले. सगळ्याची एक प्रत वेगळी ठेवा, असं तो येईल त्याला बजावायचा. स्वतःच्या बायकोच्या एकुलत्या एका धड फोटोची मात्र दुसरी प्रत नव्हती. फोटो म्हटलं की विजया तोंडावर पदर घ्यायची. चारुताच्या साखरपुड्यात बेसावध हसताना सापडली, तेवढीच. तो फोटो दुकानातल्या या म्हाताऱ्या मशीनमध्ये होता. डिस्क दुसरीकडे लावून पाहावी, तर जुन्या चपट्या वायरचं मशीन आता बोईसरात कोणाकडे उरलं नव्हतं.

परवापर्यंत कॉम्प्युटर रडतखडत का होईना, चालत होता. परवा खंडेनवमी झाली. वर्ष पुरं झालं नव्हतं, म्हणून यंदा पूजा नव्हती. एरवी त्या दिवशी विजया ताट घेऊन दुकानात यायची. पकडी, मीटर, स्क्रू ड्रायव्हर, सगळ्यांना हळदकुंकू लावायची आणि या कॉम्प्युटरचं झाकण उघडायला लावून आत अक्षता टाकायची.

"आत नको टाकू गं, बंद पडंल तो," कृष्णकांत दरवर्षी ओरडायचा.

"आपल्याला जेवाला घालतो. त्याला दोन दाने नको?" ती दरवर्षी विचारायची.

गेल्या वर्षी त्याने झाकणाचे चारही स्क्रू गच्च आवळून टाकले. "काय करायचं ते वरून कर," असं म्हणून कारखान्यातल्या कामाला निघून गेला. त्यानंतर तीन दिवसांनी ओटीवर भाजी निवडता निवडता विजया गेली. तिच्याशी तो शेवटचं भांडला, आणि तेही एका डब्यावरून. वर्षभर हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

यंदा पूजा नाही म्हटल्यावर हात शिवशिवायला लागले. म्हणून त्याने परवा झाकण काढलं, पॉवर सप्लाय बदलला आणि चारुताने हौसेने आणलेली नवी मेमरी रिकाम्या खाचेत बसवली. झाकणाचा एक स्क्रू नुसता बोटाने फिरला, तेव्हा त्याने आपल्या वयाला दोष दिला. तेव्हापासून कॉम्प्युटर उठायला तयार नव्हता.

आज त्याने वायरी बदलल्या, बॅटरी बदलली, जुना पॉवर सप्लाय परत लावला. नव्या मेमरीला तेवढा हात लावला नाही.

"नव्या पोरांना काय शिकवता तुमी?" चारुता म्हणाली. "शेवटी जे बदललं ते आदी काडा."

"तुझी मेमरी चांगली हाय."

"मी आनली म्हनून काडत नाय ना? काडा, बाबा."

त्याने मेमरी काढली. खाचेत टॉर्चचा उजेड टाकला. तळाशी तांदळाचा एक दाणा आडवा पडला होता. नवी मेमरी त्याच्यावर टेकून केसभर वर राहिली होती. दाण्यावरचं कुंकू अजून लालभडक होतं. आधीच्या वर्षांच्या अक्षता तर गेल्या वर्षी झाकण आवळण्याआधी त्याने स्वतः ब्रशने झाडून काढल्या होत्या.

त्याने तो बोटाने फिरलेला स्क्रू उचलला. त्याच्या खाचेत कुंकू बसलं होतं.

कृष्णकांत स्टुलावर बसला. "मी गेल्यावर उघडला तिनं," तो म्हणाला. "जन्मात कदी स्क्रू ड्रायव्हर हातात धरला नव्हता गं तिनं." आणि वर्षभर स्वतःला आवरून धरलेला तो माणूस दुकानात पोरासारखा रडला. चारुता त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

थोड्या वेळाने तिने टेबलावरचा चिमटा उचलला. "काडते मी दाना. मग नवीन मेमरी बी चालंल."

"नको," तो म्हणाला. "तुझी दुसऱ्या मशीनला लावू. ह्याला जुनी पुरे."

त्याने बटण दाबलं. चिन्ह आलं, गेलं आणि कॉम्प्युटर कण्हत कण्हत सुरू झाला. फोटो वरून खाली, पट्टी पट्टीने उघडू लागला. आधी भांग दिसला. मग कपाळ, कपाळावरचं कुंकू. तिथे तो थांबला.

"किती वेळ लावतो ओ हा," चारुता घड्याळाकडे बघत म्हणाली. "एक वाजंल."

एरवी अशा वेळी कृष्णकांत त्या डब्यावर थाप मारायचा. आज त्याने हात मांडीवर ठेवले.

"यील," तो म्हणाला. "येऊ दे तिला सावकाश."