दोन शब्दांमधला स्वल्पविराम

मी एक शब्दकोश आहे. वैद्यकातले बल्गेरियन शब्द इंग्रजीत कसे म्हणायचे ते सांगणारा, हिरव्या कापडी बांधणीचा, उशीएवढा जाड. माझं शेवटचं काम नुकतंच झालं. आता कोणी विचारायला येईल असं वाटत नाही, म्हणून आपणहून बोलतोय.

माझा जन्म सोफियातल्या एका छापखान्यात झाला. पहिली मालकीण डॉक्टर बोंका. त्या काळात परदेशी मासिकं मुश्किलीने मिळायची. एखादं हाती लागलं की ती मला शेजारी उघडून ठेवायची आणि ओळ न ओळ वाचायची. ती गेल्यावर भाच्याने मला पदपथावरच्या पुस्तकवाल्याला देऊन टाकलं. दोन हिवाळे मी प्लास्टिकच्या कागदाखाली काढले. माझी शेवटची पानं तेव्हाच फुगली.

तिथून मला उचललं झ्द्राव्का मिखोवाने. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळेत मुलं उरली नाहीत, तेव्हा तिने रुसे गावात, कोर्टामागच्या गल्लीत भाषांतराचं छोटं दुकान काढलं. गावाला डॅन्यूब नदी आहे, बंदर आहे, आणि गाव सोडून जाणारी माणसं आहेत. त्यांच्या जन्माचे, लग्नाचे, आजाराचे दाखले इंग्रजीत व्हायचे ते आमच्या टेबलावर.

एक गोष्ट मी कायम पाहिली. झ्द्राव्का कॉफी करायला आत गेली की गिऱ्हाईक हळूच मला ओढून घेई आणि स्वतःचा आजार शोधू लागे. सापडला की बोट तिथेच ठेवून बसून राही. किती बोटांचा घाम माझ्या पानांत मुरलाय.

गालिन असाच एका सकाळी आला. बंदरावर क्रेन चालवणारा, दारात मावणार नाही असा आडवा माणूस. त्याच्या बायकोच्या, इवेताच्या, हृदयाकडून फुफ्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसत चालल्या होत्या. ती लहान मुलांना गाणं शिकवायची. आता बुटाचे बंद बांधतानाही तिला धाप लागे. गावातले डॉक्टर कराजोव यांनी कागदावर शेवटी लिहिलं होतं, 'नेलेचिमो'. इवेताच्या भावाने तो कागद फोनवरच इंग्रजीत केला आणि उत्तरेकडच्या देशातल्या एका मोठ्या इस्पितळाला पाठवून दिला. त्यांचा नकार आला होता. तो नेमका काय म्हणतो, हे गालिनला समजून घ्यायचं होतं.

झ्द्राव्काने वाचलं. ते लोक नम्रपणे म्हणत होते की तुमच्याच डॉक्टरांच्या मते या आजारावर उपचार होऊच शकत नाहीत, मग रुग्णाला एवढ्या प्रवासाचा त्रास का द्यायचा?

तिने मला उघडलं. 'नेलेचिमो' या आमच्या भाषेतल्या एका शब्दापुढे माझ्यात दोन इंग्रजी शब्द छापले आहेत. इन्क्युरेबल, म्हणजे बरा न होणारा. अनट्रीटेबल, म्हणजे ज्यावर काही करताच येत नाही असा. मध्ये फक्त एक स्वल्पविराम. भावाच्या फोनने दुसरा उचलला होता. आतून फुटून ओरडावंसं वाटलं मला, की अगं, हे दोन शब्द एक नव्हेत, यांच्यामध्ये एक बाई श्वास घेतेय. पण छापलेल्यापलीकडे मला बोलता येत नाही.

झ्द्राव्काला ते कळलं होतंच. तिने गालिनला समजावलं.

"मग तो पहिला शब्द लिहा ना, बाई," तो म्हणाला. "चांगला आहे तो."

डॉक्टरला काय म्हणायचं होतं ते विचारल्याशिवाय मी लिहिणार नाही, असं ती म्हणाली. खाली तिची सही आणि शिक्का जाणार होता. आणि डॉक्टरला खरोखरच वाईट शब्द म्हणायचा असला तर?

"शिक्का मोठा, का माझी बायको?" गालिनने विचारलं. आवाज चढवला नाही त्याने. तेच जास्त लागलं.

झ्द्राव्काने मला पिशवीत टाकलं, दुकानाला कुलूप लावलं आणि त्याला घेऊन इस्पितळात गेली.

डॉक्टर कराजोव व्हरांड्यात उभ्याउभ्या बानित्सा, चीज भरलेली पापुद्र्यांची पोळी, खात होते. दुपारचं जेवण बहुधा तेच. तिने मला खिडकीच्या कट्ट्यावर उघडून त्यांना ते दोन शब्द दाखवले. ते चिडले. म्हणाले, फरक मला ठाऊक आहे, मी इथल्या फाइलसाठी लिहिलं होतं. तो कागद परदेशी जाणार हे मला कोणी सांगितलं? इथे ते औषध नाही, ते देणारी माणसं नाहीत. मी आणखी काय लिहायला हवं होतं?

"उपचार इथे नाहीत, की कुठेच नाहीत?" तिने विचारलं.

डॉक्टरांनी बानित्साच्या वेष्टनाचा बोळा करून खिशात घातला. मग गालिनकडे बघून म्हणाले, "बरी नाही होणार ती. पण औषध मिळालं तर जगेल. किती, ते नाही सांगू शकत."

डॉक्टरांनी तिथेच नवा कागद लिहून दिला आणि झ्द्राव्काने संध्याकाळच्या आत तो इंग्रजीत करून पाठवला.

मग वाट पाहणं. गालिन कामावरून सुटला की दुकानात येऊन बसे. अखेर उत्तर आलं. एकाच डॉक्टरचे दोन वेगवेगळे कागद पाहून तिकडच्यांना शंका आली होती. तपासण्या पुन्हा करा म्हणाले. हृदयात नळी घालून करायची तपासणी, आणि इवेता तोवर अर्धी झालेली.

तपासणीच्या आधी ती स्वतः दुकानात आली. दाराच्या पायरीवर थांबली, आत येऊन पुन्हा थांबली. मला मांडीवर मागून घेतलं. तिचं बोट सरळ त्या ओळीवर आलं. निळसर नख, थंडगार.

"बरी होणार नाही, हे दोन्ही शब्दांत आहेच ना?" तिने विचारलं.

झ्द्राव्काला खोटं बोलता आलं असतं. "हो," ती म्हणाली.

"मग एवढं भांडण कशासाठी, बाई?"

"मधल्या दिवसांसाठी."

इवेता हसली. हसताना खोकला आला, तो थांबेपर्यंत झ्द्राव्काने तिची पाठ धरून ठेवली.

ती तपासणी तिने सोसली. तिकडच्या इस्पितळाने तिला बोलावलं. परतली तेव्हा छातीपाशी एक नळी आणि कमरेला लहानसं यंत्र होतं, त्यातून औषध रात्रंदिवस रक्तात जात राही. वसंतात तिने मुलांना पुन्हा गाणं शिकवलं, खुर्चीत बसून. वाटलं, शब्दाने माणूस वाचतो.

पुढच्या थंडीत त्याच नळीच्या वाटेने जंतू रक्तात शिरले. औषध ज्या दारातून आलं, त्याच दारातून मरण आलं.

गालिन मृत्यूचा दाखला घेऊन आला. तिकडच्या इस्पितळाला तो इंग्रजीत हवा होता. झ्द्राव्का माझ्यावर वाकली. माणूस गेल्याचं सांगायला माझ्याकडे पुष्कळ शब्द आहेत: निवर्तला, अंतरला, श्वास संपला. ती एकेका शब्दावर थांबत होती, कोणता त्याला कमी लागेल ते बघत.

"मऊ शब्द शोधू नका, बाई," गालिन म्हणाला. "ती मेली. तेवढंच लिहा."

तिने तेवढंच लिहिलं. खाली शिक्का मारला.

त्यानंतर तिने फार काम घेतलं नाही. दुकान बंद होतंय. खोक्यात मी सगळ्यात तळाशी आहे, कणा निसटलेला. फोन क्षणात शब्द देतो, माझ्याहून किती तरी लवकर. शब्द देऊन तोही गप्पच बसतो, माझ्यासारखा.

माझं एवढंच मागणं आहे. कधी तुमच्याही दारात कोणी कागद घेऊन उभा राहील. घाईत असेल, आणि गोड शब्द मागेल. तुम्हाला भाषा येत असेल तर त्याला आधी आत घ्या, बसायला द्या. आणि मग विचारा, हा कागद जिचा आहे, तिचं नाव काय?