अडीच मीटर

माझ्या दादाच्या मते मी भित्री भागूबाई. गुडघा मोडल्यापासून मी पाण्यात उतरत नाही, हाच त्याचा पुरावा. त्याच्या सर्फिंग शाळेत मी रोज पहाटे कॉम्प्युटरसमोर बसते, खोल समुद्रात तरंगत लाटा मोजणाऱ्या बोयाचे आकडे वाचते, वारा बघते आणि आज किनाऱ्यावर लाट किती उठेल ते दाराबाहेरच्या फळ्यावर लिहिते. दादा फळा वाचतो, हसतो आणि मनातल्या मनात आकडा निम्मा करतो. "ही राईचा पर्वत करणार, ठरलेलंच," हे त्याने माझ्यादेखत पन्नास जणांना सांगितलंय.

भांडून थकले, मग मी आकडा दुप्पट लिहायला लागले. तो निम्मा करायचा, हिशेब बरोबर यायचा. चार वर्षं आमचं असं सुरळीत चाललं. याची मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मजाच वाटायची.

पकडलं वहिनीने. फळा वाचून लोक दारातूनच माघारी फिरतात आणि शेजारच्या शाळेत जातात, हे काउंटरवर बसून तिला दिसत होतं. एकदा तिने माझी वही उघडली आणि फळ्याशी ताडून पाहिली. मी कारण सांगितलं. ती म्हणाली, उद्यापासून खरं लिहायचं, आणि दादाला यातलं काही कळू द्यायचं नाही, बहिणीने चार वर्षं खेळवलं म्हणून तो मनाला लावून घेईल. मी म्हटलं, निदान एवढं तरी सांग, की आता निम्मं करू नकोस. "मी बघते काय ते," वहिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बोयावर लाट दीडच मीटर होती, पण दोन लाटांमध्ये सोळा सेकंद. म्हणजे ती फार लांबून आलेली, जोर राखून असलेली. किनारा लागला की उंच उठणार. मी अडीच लिहिलं. लाट दीडच्या वर असली की खडकाच्या कडेला कोणी जायचं नाही, हा दादाचाच नियम. मी निर्धास्त होते.

असल्या लाटा घोळक्याने येतात आणि मधली वीस मिनिटं पाणी शांत असतं. दादाने ते शांत पाणी पाहिलं, फळा पाहिला, सर्फिंगची फळी उचलली आणि खडकाकडे गेला. मी तेव्हा आत चहा करत होते.

कंबरेखाली त्याला काही जाणवत नाही. जाणवेल का, हे डॉक्टर नक्की सांगत नाहीत. पाचव्या दिवशी तो नीट बोलायला लागला, तेव्हा आम्ही दोघी खाटेशी होतो.

"तू अडीचच लिहिलं होतंस," तो म्हणाला. "मी सव्वा धरलं. पाच लिहिलं असतंस तर गेलो असतो का मी?"

मी वहिनीकडे पाहिलं. ती त्याची चादर नीट करत होती. एकच कोपरा तिने तीनदा खोचला. मी बोलले असते तर त्याची बायकोही त्याला परकी झाली असती, आणि आता त्याला उचलून बसवणार तीच होती. मला तिचा इतका राग कधी आला नव्हता.

"चुकले मी, दादा," मी म्हणाले.

"असू दे गं," वहिनी म्हणाली. "यापुढे नीट बघून लिहीत जा."